भाड्याने दिलेली माणसं

महात्मा फुल्यांचं 'गुलामगिरी' १८७३ साली आलं. ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं, कारण त्यांनी काळ्या गुलामांना मुक्त केलं. त्या मुक्तीच्या कायद्यात एक फट राहिली होती. आजचा विषय ती फट.

१८६५ साली यादवी युद्ध संपलं आणि अमेरिकेच्या राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती आली. गुलामगिरी बंद झाली. पण त्याच वाक्यात एक अपवाद होता: गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाकडून शिक्षा म्हणून सक्तीने काम करून घेता येईल.

आता दक्षिणेतल्या राज्यांची अवस्था बघा. तिजोऱ्या रिकाम्या, आणि कोळशाच्या खाणी, रेल्वेमार्ग, उसाचे मळे यांना माणसं हवीत. मग सरकारने कैदीच कंपन्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. कंपनी सरकारला ठरलेली रक्कम द्यायची. कैद्याचं जेवण, निवारा, पहारा सगळं कंपनीकडे. कैद्याला मजुरी नाही.

एवढे कैदी आणायचे कुठून? त्याची सोय कायद्याने केली. कामधंदा दाखवता आला नाही, तर भटकेपणाचा गुन्हा. मिसिसिपीत १८७६च्या कायद्याने एखादं डुक्कर चोरलं तरी ५ वर्षांपर्यंत तुरुंग. अलाबामात किरकोळ गुन्ह्याला दंड, वर कोर्टाचा खर्च. पैसे भरता आले नाहीत की ते फेडायला चला खाणीत. पकडले जाणारे बहुतेक काळे, म्हणजे कालपरवापर्यंतचे गुलाम किंवा त्यांची मुलं.

इथला हिशेब नीट समजून घेऊ. गुलाम मालकाने पैसे मोजून विकत घेतलेला असायचा. तो मेला तर मालकाची रक्कम बुडायची. भाड्याचा कैदी मेला, तर कंपनी सरकारकडे दुसरा मागायची. त्याला जगवण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

याचा फटका मोकळ्या मजुरांनाही बसला. टेनेसीतल्या ब्राइसव्हिल गावी १८९१ साली खाणकामगारांनी कंपनीच्या अटी नाकारल्या. कंपनीने त्यांची घरं पाडली, कैद्यांसाठी कुंपणाची छावणी बांधली आणि कैदी कामाला लावले. १४ जुलैला सुमारे ३०० हत्यारबंद कामगारांनी छावणीला वेढा दिला, आणि कैदी नि पहारेकरी सगळ्यांना आगगाडीत बसवून नॉक्सव्हिलला पाठवून दिलं! संघर्ष पुढे वर्षभर चालला. पलटणी पाठवता पाठवता सरकारचा खर्च इतका वाढला, की भाड्याचं उत्पन्न परवडेना. १८९६ला टेनेसीने भाडेपद्धत बंद केली. कैद्यांचं काय झालं म्हणाल, तर राज्याने स्वतःची खाण काढली आणि त्यांना तिथे उतरवलं.

अलाबामात मात्र हिशेब फायद्याचाच राहिला. ८ एप्रिल १९११ला तिथल्या बॅनर खाणीत स्फोट झाला. १२८ माणसं मेली. त्यातले बहुतेक भाड्याने दिलेले काळे कैदी. काहींची शिक्षा संपायला थोडेच दिवस उरले होते. किरकोळ गुन्ह्यासाठी झालेली काही दिवसांची शिक्षा त्यांच्यासाठी मृत्युदंड ठरली. एवढं होऊनही ही पद्धत आणखी १७ वर्षं चालली. १९२८ साली अलाबामाने ती बंद केली, सगळ्या राज्यांत शेवटी.

मग गोष्ट संपली का? तेराव्या दुरुस्तीतला अपवाद आजही तसाच आहे. २०२२ साली अलाबामा आणि टेनेसीच्या मतदारांनी आपापल्या राज्यघटनेतून तो काढला. तरी अलाबामातले कैदी आजही बाहेरच्या खासगी आस्थापनांत कामाला जातात. आता त्यांना मजुरी मिळते, हा फरक खरा. पण त्या मजुरीतले ४० टक्के तुरुंग खातं कापून घेतं. म्हणजे कैदी कामावर राहण्यात मालकाचा फायदा आणि सरकारचाही.

म्हणून कुठल्याही देशात तुरुंगातल्या कामाबद्दल ऐकलंत, तर एक प्रश्न आवर्जून विचारा: हा माणूस उद्या सुटला, तर नुकसान कुणाचं होणार आहे? उत्तरात एखाद्या कंपनीचं किंवा सरकारी खात्याचं नाव आलं, तर काळजी करायला जागा आहे.

आज इथेच थांबू. भेटू पुढच्या भागात.