चट्ट्यापासून तिळापर्यंत

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा कातडीवरच्या डागाची गावाला एकच भीती होती: महारोग. गावातल्याच, पुष्कळदा निरक्षर बायका त्यांच्याकडून आरोग्याचं काम शिकल्या. फिकट चट्टा बधिर आहे का, हे त्या तपासू लागल्या. नगर जिल्ह्यात त्वचेचं निदान घराच्या ओट्यापर्यंत पोचलं, त्याचं मोठं श्रेय या बायकांचं आहे.

कातडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचं महत्त्वाचं काम मुंबईत झालं. टाटा मेमोरियल हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत खानोलकरांनी कॅन्सर आणि कुष्ठरोग या दोन्हींचा अभ्यास केला.

तिळाची गोष्ट मात्र उशिरा उलगडली, आणि नावांच्या गुंत्यासकट. अमेरिकेत वॉलेस क्लार्क आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली काही कुटुंबांतल्या वेड्यावाकड्या तिळांचं वर्णन केलं. पुढे त्यांना ‘डिस्प्लास्टिक नीव्हस’ म्हणू लागले. १९९२ साली तिथल्याच तज्ज्ञांच्या बैठकीनं हे नाव सोडावं असं सुचवलं, तरी ते टिकलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या वर्गीकरणात अशा तिळांचे सौम्य आणि तीव्र असे दोनच गट आहेत. एकाच तिळाला दोन रिपोर्टांत ‘डिस्प्लास्टिक’ आणि ‘अटिपिकल’ अशी दोन नावं दिसली, तर रुग्णानं घाबरणं साहजिक आहे. पण ‘अटिपिकल’ म्हणजे कॅन्सर नव्हे.

नगर जिल्ह्यात लोणीला १९८४ साली रुरल मेडिकल कॉलेज उभं राहिलं, पुढे विळद घाटातही कॉलेज आलं. आता कातडीचा तुकडा तपासण्याची (बायॉप्सीची) सोय जिल्ह्यातच आहे. रिपोर्ट हाती आला की दोन गोष्टी शोधाव्यात: पेशींमधला बदल सौम्य की तीव्र, आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा मोकळ्या आहेत का. बदल तीव्र असेल तर डॉक्टर बहुधा आणखी थोडी कातडी काढायला सांगतात. मेलानोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सरच निघाला, तर त्याची मिलिमीटरमधली जाडी महत्त्वाची. हे माप अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० साली दिलं.

मेलानोमा आपल्याकडे विरळा आहे. पण तो जेव्हा होतो, तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, म्हणजे जिथे कुणी पाहत नाही तिथे. तळपायावरचा काळा डाग वाढत असेल, तर जाळून किंवा खरवडून घेऊ नका. तो काढला तर तुकडा तपासायला पाठवायला सांगा, रिपोर्ट जपून ठेवा आणि दुसरं मत हवं असेल तर स्लाइड व ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) मागून घ्या.