गंगथडीचा गाळ

नांदूर मध्यमेश्वरला शहरातली माणसं 'निसर्ग बघायला' येतात, याचं आमच्या आबांना हसू यायचं. "कसला निसर्ग? इंग्रजाचा बांध हाये त्यो," म्हणायचे. आबांचं खरंच होतं. निफाड तालुक्यात कादवा गोदावरीला मिळते, तिथं १९०७ ते १९११ या काळात दगडी बंधारा बांधला गेला. त्यातून दोन कालवे निघाले आणि पाणी गेलं कोपरगाव-राहात्याकडे. नगर जिल्ह्याच्या त्या पट्ट्यातला ऊस आणि साखर कारखाने उभे राहिले ते या पाण्यावर. आबांचे वडील बांधकामाच्या वेळी पोरसवदा होते. त्यांच्याकडून घरात चालत आलेलं वाक्य असं: पाणी त्यांना दिलं, गाळ आम्हाला.

गंगा, म्हणजे आमची गोदावरी, दर पावसाळ्यात गाळ आणायची आणि बंधाऱ्यामागं टाकून जायची. वर्षानुवर्षं साठून पाणी उथळ झालं, मधेमधे बेटं आली, पाणगवत माजलं. इंजिनिअरच्या हिशेबी साठवण घटली, धरण मोडीत निघालं. आमच्या घरच्या बायकांच्या हिशेबी जमीन वर आली.

कालव्याची आवर्तनं सुटली की पाणी हटायचं आणि खालचा काळा, लोण्यासारखा गाळ उघडा पडायचा. त्यावर गाळपेर. आजी सांगायची, नांगर नाही, खत नाही. घोट्याएवढं रुतत चालायचं, बोटानं भोक पाडायचं, हरभऱ्याचे दोन दाणे सोडायचे आणि टाचेनं दाबायचं. गाळ वाळून भेगाळायच्या आत उरकायला हवं, म्हणून लेकुरवाळ्या बायाही पोर काठावरच्या बाभळीला झोळीत टांगून उतरायच्या. पुढं दवावर पीक येई. निफाडची थंडी हाडं गोठवते, पण हरभऱ्याला ती मानवते.

त्या हरभऱ्याला दुसरं गिऱ्हाईकही होतं. हिवाळ्यात उत्तरेकडून क्रौंच यायचे, थव्यानं रानात उतरायचे आणि घाटे साफ करायचे. पोरांच्या हाती गोफण देऊन राखणीला बसवत. चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं पाण्यातच असायची. त्यांचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं असं आज सगळे सांगतात. आबांच्या तोंडून ते नाव कधी ऐकलं नाही.

१९८६ साली अभयारण्य झालं, सुमारे शंभर चौरस किलोमीटरचं. २०२० च्या जानेवारीत जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगाव, मांजरगाव, खाणगाव थडीची पोरं आता दुर्बिणी घेऊन पाहुण्यांना पक्षी दाखवतात आणि चांगली दाखवतात. जांभळी पाणकोंबडी लव्हाळ्यात कुठं दडते, हे पुस्तक वाचून आलेल्याला त्यांच्याइतकं कळत नाही.

मला काळजी वाटते ती पाण्याची. नाशिकचं सांडपाणी गंगेतून येतं, शेतांतली खतं पावसाबरोबर उतरतात, आणि त्यावर पानवेली पोसते. सायखेड्याच्या पुलाला तिचे ढीग अडकतात. यंत्रं लावून ती काढतात, पुढच्या वर्षी पुन्हा येते. वरची घाण थांबवल्याशिवाय ती हटायची नाही, हे काठावरच्या कुणालाही विचारा.

आणि पूर. आजीच्या तोंडी '६९ चा महापूर होता; माझ्या पिढीनं २००८ आणि २०१९ पाहिले. चांदोरी-सायखेड्याच्या घरांत पाणी शिरलं की मागणी होते, बंधाऱ्यातला गाळ काढा. आमच्याच घरात यावर भांडण आहे. काका म्हणतात, गाळ उपसा, पूर फुगणार नाही. पाहुण्यांना पक्षी दाखवणारा चुलतभाऊ म्हणतो, गाळ गेला की उथळ पाणी गेलं, मग थापट्या काय खोल पाण्यात बुड्या मारणार? काकांचं घर पूररेषेत आहे, त्यामुळं त्यांना हसण्यावारी नेता येत नाही. मागच्या दिवाळीत मी मधला मार्ग सुचवला, बेटं सोडून फक्त मुख्य धारेतला गाळ काढावा. दोघंही माझ्यावरच उखडले.