संस्कृत की फ्रेंच? पेण-रोह्याच्या दोन मुलांची विषयनिवड

दहावीचा निकाल लागला, की पुढचे पंधरा दिवस आमच्या धर्मगुरुनिवासाच्या ओसरीवर गुणपत्रिका घेऊन येणाऱ्यांची रीघ लागते. कुणास शिफारसपत्र हवे असते, कुणास फीसाठी हातभार. परंतु बहुतेकांच्या मनातला खरा प्रश्न एकच असतो : मुलाने सायन्स घ्यावे, कॉमर्स घ्यावे, की आर्ट्स? गतवर्षी असेच एक कुटुंब आले. वडील धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, एका रासायनिक कारखान्यात पाळीवर काम करणारे. मुलास ६८ टक्के गुण. सुट्टीत तो हमरापूरच्या एका गणपती-कारखान्यात रंगकामास जातो, आणि मूर्तीचे डोळे आखण्याइतका त्याचा हात आता बसला आहे. वडिलांचा आग्रह सायन्सचा, मुलाचा ओढा चित्रकलेकडे, आई गप्प. त्या दिवशी आम्ही त्यांना याच मातीतल्या दोन मुलांची हकीकत सांगितली. ती वाचकांपुढेही ठेवतो.

पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढे चारच महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, रायगडाच्या पायथ्याजवळील नाते येथे चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मास आले. देशमुखांचे घराणे रोह्याचे, वडील वकील, आणि चिंतामणाचे बालपण रोह्यातच गेले. दोन्ही मुले तल्लख. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा मुंबई विद्यापीठ घेत असे आणि इंग्रजीच्या जोडीला दुसरी एक भाषा निवडावी लागे. संस्कृत, फारसी, लॅटिन, फ्रेंच असे पर्याय असत. आजच्या शाखानिवडीइतकाच तो कळीचा निर्णय मानला जाई.

विनायकाचे वडील बडोद्यास नोकरीला होते. विज्ञानाची आवड असलेले, आधुनिक दृष्टीचे गृहस्थ. मुलाने फ्रेंच घ्यावे, अशी त्यांची इच्छा, आणि मुलाने ती मानली. आईस हे रुचले नाही. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत शिकायला नको का, असा तिचा साधा प्रश्न होता. चिंतामणाने मात्र संस्कृत घेतले. १९१२ च्या मॅट्रिकला तो विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतातील प्रावीण्याची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली.

आता या दोघांच्या भविष्याविषयी कुणी जाणत्याने तेव्हा काय भाकीत केले असते? फ्रेंचवाला परदेशी जाईल आणि संस्कृतवाला शास्त्री-पंडित होईल, असेच ना? घडले ते उलटे. संस्कृतवाला केंब्रिजला गेला. तेथे त्याने वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला, आणि १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत पहिला क्रमांक पटकावला. १९४३ साली तो रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि १९५० मध्ये देशाचा अर्थमंत्री. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली त्याने ते पद सोडले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. संस्कृतही वाया गेले नाही. मेघदूत मराठी पद्यात उतरवणारा अर्थमंत्री आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाही.

फ्रेंचवाल्याने १९१६ साली आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला खरा, पण सुरतेस उतरून काशीस गेला आणि तेथे संस्कृताच्या अभ्यासास लागला. आईच्या मनातली मराठी गीता त्याने ‘गीताई’च्या रूपाने सिद्ध केली, तेव्हा आई हयात नव्हती. १९५१ मध्ये पोचमपल्ली येथे भूदानास प्रारंभ झाला. मॅगसेसे पारितोषिक १९५८ साली विनोबांना आणि पुढच्याच वर्षी चिंतामणरावांना मिळाले. दोघांत मोठा कोण, असल्या वादात आम्हांस रस नाही.

हकीकत संपली आणि वडील शांतपणे म्हणाले, “फादर, ते दोघे कुठेही गेले असते तरी पहिलेच आले असते. माझ्या मुलाला अडुसष्ट टक्के आहेत. त्याची वाट चुकली तर त्याला परत कोण आणणार?” आम्ही निरुत्तर झालो. थोरांची चरित्रे सांगण्याची आम्हां धर्मगुरूंना सवय असते. सामान्य गुणांच्या मुलाचे काय, हे मात्र राहून जाते. आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांपर्यंत तर विषयनिवडीचा प्रश्न पोहोचतही नाही. कुंडलिका रोह्यावरून वाहत जाऊन जेथे समुद्रास मिळते, त्या कोर्लईत आमच्या ख्रिस्ती बांधवांच्या घरांत पोर्तुगीज वळणाची बोली नांदते. ती मात्र कुठल्याच गुणपत्रिकेवर दिसत नाही.

वडिलांची शंका शासनालाही पडली होती. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळेतच सात विषयगट असावेत, असे सुचवले : मानव्यविद्या, विज्ञान, तंत्र, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहविज्ञान. हेतू चांगला होता, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलास जन्माची दिशा ठरवावी लागे. म्हणून १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पहिली दहा वर्षे सर्वांस समान शिक्षण असावे, असा कौल दिला. महाराष्ट्रात १९७५ पासून दहावीची शालान्त परीक्षा आली, आणि निवड दहावीनंतर गेली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तर शाखांमधील भिंतीच पाडाव्यात, असे म्हटले आहे. भिंती अद्याप उभ्या आहेत, हे मात्र पालकांस पक्के ठाऊक आहे. बारावी सायन्सनंतर बी.ए.ला जाता येते. आर्ट्सनंतर अभियांत्रिकीस जाता येत नाही. तेव्हा सायन्सचा आग्रह धरणाऱ्या बापास केवळ हौशी वा हट्टी ठरवणे अन्यायाचे होईल.

मग त्या दिवशी आम्ही उपदेश बाजूस ठेवला आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दहावीनंतर आय.टी.आय.मध्ये रासायनिक कारखान्याच्या ऑपरेटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, तो वडिलांना माहीत होता. पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा केल्यावर पदवीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो, हे आईस नवीन होते. आणि जे.जे. कलामहाविद्यालयात पदवीस जाण्यासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, प्रवेशपरीक्षा तेवढी द्यावी लागते, हे मुलास नवीन होते. सायन्स घेतल्याने चित्रकलेचे दार बंद होत नव्हते! आम्हांस तेव्हा आंजेलो द फोन्सेका आठवले. हा गोमंतकीय तरुण वैद्यकीचे शिक्षण सोडून जे.जे.त गेला, पुढे शांतिनिकेतनात शिकला, आणि भारतीय वेषातला ख्रिस्त व साडीतली मारिया त्याने रंगवली. पण नुकताच धडा मिळाला असल्याने फोन्सेकांचे नाव आम्ही गिळले.

मुलाने सायन्स घेतले. गणित जड जाते, असे सांगतो. यंदा तो बारावीस आहे आणि रविवारच्या मिस्सेनंतर अजूनही हमरापूरची एस.टी. पकडतो. वडिलांनी एकच अट घातली आहे : परीक्षा संपेपर्यंत जानेवारीपासून ब्रश पेटीत राहतील.