सिमेंटचा पत्रा आणि बांबूचा कुड

भद्रावतीत पत्रा घ्यायला गेलात की दुकानदार आधी विचारतो, टिनाचा की सिमेंटचा? टिनाचा हलका आणि स्वस्त, पण मे महिन्यात त्याच्याखाली दुपार काढून दाखवावी. सिमेंटचा त्यापेक्षा कमी तापतो, गंजत नाही, माकडं नाचली तर मात्र तडकतो. गोठे, टपऱ्या, खाणीच्या आसपासच्या वस्त्या, सगळीकडे त्याच्या राखाडी लाटा दिसतात. कुंभाराची कवेलू गेली, मृगाआधीची शाकारणी गेली, त्यांच्या जागी हा पत्रा आला. त्याच्या आत काय आहे हे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

विचारायला लावलं माझ्या मावसबहिणीने. ती रत्नागिरीजवळ घर बांधतेय, समुद्र हाकेच्या अंतरावर. तिचा फोन आला, "दादा, पश्चिमेच्या भिंतीला फायबर सिमेंटचे बोर्ड लावू म्हणतो कंत्राटदार. चांगले असतात का रे?" कोकणात पश्चिमेची भिंत हा जुनाच प्रश्न आहे. जांभा पाणी पितो, आणि आडवा पाऊस चार महिने त्याच भिंतीवर आपटतो. पूर्वी तिथे नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप बांधत. मग टिनाचे पत्रे आले, पण खाऱ्या वाऱ्याने ते काही वर्षांत खाल्ले जातात. म्हणून आता हे बोर्ड. उत्तर द्यायला म्हणून वाचू लागलो आणि गोष्ट थेट ऑस्ट्रियात गेली.

लुडविग हाचेक नावाच्या कारखानदाराला हलकं, न जळणारं छप्पर बनवायचं होतं. त्याने कागद बनवायचं यंत्र घेतलं. कागदात लगद्याचं पातळ पाणी फिरत्या जाळीवर घेऊन थरावर थर चढवतात, तसंच याने सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंचं केलं. १९०१ साली पेटंट मिळालं. मालाचं नाव ठेवलं 'एटर्निट', लॅटिनमधल्या 'अनंतकाळ' या अर्थाच्या शब्दावरून. साधारण नऊ भाग सिमेंट, एक भाग तंतू. नुसतं सिमेंट ओढलं की तुटतं. तंतू त्याला धरून ठेवतात. आज एकविसाव्या शतकातही जगभर हे बोर्ड बनतात ते बहुतेक त्याच पद्धतीच्या यंत्रावर.

अनंतकाळ टिकणारी दुसरी गोष्ट म्हणजे ते तंतू फुप्फुसात जाऊन बसणं. इंग्लंडमध्ये रॉचडेलच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचं सूत कातणारी नेली केर्शॉ १९२४ साली वारली. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांतल्या तंतूंबद्दल त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. रिचर्ड डॉल यांनी १९५५ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध दाखवला, १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतून मेसोथेलिओमाचा अहवाल आला. आता भारताच्या तारखा शेजारी ठेवून बघा. आपल्याकडे हे पत्रे बनवणारी पहिली मोठी कंपनी उभी राहिली १९३४ मध्ये, म्हणजे नेली गेल्यावर दहा वर्षांनी. कोणालाच काही माहीत नव्हतं, ही सबब मला तरी पटत नाही.

युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितलं, पण पत्र्यावर बंदी आली नाही. कच्चा माल बाहेरून येतो, पत्रे इथे बनतात. आणि इथेच माझ्या बहिणीच्या प्रश्नातली मेख आहे. या उद्योगाच्या संघटनेच्या नावात पूर्वी 'अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट' होतं, आता 'फायबर सिमेंट' आहे. म्हणजे कंत्राटदार 'फायबर सिमेंट' म्हणतो तेव्हा फायबर कशाचं, हे त्या शब्दावरून कळतच नाही.

दुसरं फायबर आहे लाकडाचं. ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकात अ‍ॅस्बेस्टॉस काढून त्याजागी कागदाचा लगदा घातला गेला. तो लगदा, सिमेंट आणि सिलिका किंवा राख यांचे ओले बोर्ड दाबून, मोठ्या बंद भांड्यात वाफेवर शिजवतात. शिजलेला बोर्ड पावसात फुगणं आणि उन्हात आक्रसणं कमी करतो. वाळवी लागत नाही, आग धरत नाही.

हे वाचताना मला सारखा आमचा जिल्हा दिसत होता. चुनखडी आमच्याकडे, घुग्घूस-गडचांदूरचे सिमेंट कारखाने आमच्याकडे. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची राख आमच्या दारात. आणि लगदा? बल्लारपूरच्या कागद कारखान्याने चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला बांबू कित्येक दशकं शिजवला. तोच बांबू गडचिरोलीत घराची भिंत असतो. बांबूच्या काड्या विणायच्या, दोन्ही बाजूंनी माती-शेण लिंपायचं, झाला कुड. मातीला धरून ठेवणारा तंतू, हाचेकचीच युक्ती, फक्त पेटंटशिवाय. गंमत अशी, की कारखान्याला ठेक्याने बांबू मिळायचा आणि कुडासाठी चार बांबू तोडणाऱ्या गावकऱ्याला वनरक्षकाची भीती असायची. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने याविरुद्ध लढा दिला. २००९ मध्ये त्यांना वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. इमारत साहित्याच्या इतिहासात ही तारीख कुठे दिसत नाही. मला वाटतं, दिसायला हवी. कुड सोडून पत्र्याकडे वळलेल्या घरांपैकी किती घरांनी आवडीने वळण घेतलं आणि किती घरांना बांबूच मिळत नव्हता, हे वेगळं करून बघायला हवं.

बहिणीला मी असं सांगितलं. बोर्ड लाव, पण बिलावर 'अ‍ॅस्बेस्टॉसविरहित' लिहून घे आणि मानक बघ. पाटीसारख्या सपाट बोर्डाचं भारतीय मानक आयएस १४८६२ आहे, त्यात 'ए' प्रकार बाहेरच्या भिंतीसाठी, 'बी' आतल्यासाठी. आयएस ४५९ दिसलं तर समज, तो अ‍ॅस्बेस्टॉसचा नागमोडी पत्रा आहे. बोर्ड भिंतीला चिकटवायचा नाही; मागे बोटभर पोकळी ठेवायची, म्हणजे आत गेलेलं पाणी खाली निथळतं आणि वारा फिरतो. किनाऱ्यावर बोर्डाआधी स्क्रू मरतात, म्हणून ते स्टेनलेस स्टीलचे, ३१६ प्रतीचे घे. कापलेली प्रत्येक कड रंगाने बंद करायची, आणि बोर्डाची खालची कड जमिनीपासून वीतभर वर. कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते, तेव्हा कारागिराला मास्क दे आणि कापायचं काम उघड्यावर कर.

ती म्हणाली, "एवढं कंत्राटदाराला सांगितलं तर तो पळून जाईल." पळाला नाही. फक्त बिलावर लिहून द्यायला आठवडा लावला.

त्याच आठवड्यात मी आमच्या गोठ्यावरच्या पत्र्यांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. जुने आहेत, कडा भुरभुरल्यात. चांगले असेपर्यंत त्यांना भोक पाडायचं नाही, घासायचं नाही, असं घरात सांगितलंय. उतरवायची वेळ आली की पाणी मारून, न फोडता, अख्खे उतरवायचे आणि जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. तालुक्यात असे पत्रे घेणारं कोण आहे, याची चौकशी सुरू आहे. शेजारचे काका म्हणाले, "कशाला चौकशी? तुकडे करून रस्त्यावरच्या खड्ड्यात टाक, सगळे तेच करतात."