उघडं अंग

कोकणात पुरुषाचं उघडं अंग ही काही नवलाची गोष्ट नाही. सोवळ्यात पूजेला बसायचं, लावणीला चिखलात उतरायचं, नाहीतर आमच्या खेडात जगबुडीत डुंबायचं, सदरा आधी बाजूला. त्यामुळे ज्या पुरुषाची छाती बाईसारखी वाढते त्याला लपायला जागाच उरत नाही. मग तो भर वैशाखातही बनियन काढत नाही. घरातली मोठी माणसं यावर कधी बोलल्याचं मला आठवत नाही. म्हणून म्हटलं, आपणच लिहावं.

या दुखण्याला डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात. पण आपल्या जिल्ह्यात त्याचं एक जुनं कारण आहे, ते म्हणजे रक्तपिती, अर्थात महारोग. तुम्ही म्हणाल, याचा त्याचा काय संबंध? आहे. कुष्ठरोगाच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात. नाक, कान, बोटं आणि वृषणंसुद्धा. रोग अंगभर पसरला की वृषणं आक्रसतात, पुरुषी संप्रेरक घटतं, आणि प्रत्येक पुरुषात थोडं असतंच ते स्त्री संप्रेरक वरचढ होऊन छाती वाढते. मूलही होत नाही. म्हणजे आधीच वाळीत पडलेल्या माणसाला ही आणखी एक लाज! महारोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत होतं, यावरून लपवण्यामागची भीती कळेल.

रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकातच दिनशा माणेकजी पेटीट यांच्या नावाचा महारोग्यांचा दवाखाना होता. त्याच काळात मुंबई इलाख्यातल्या महारोग्यांचा अभ्यास हेन्री व्हॅन्डाइक कार्टर करत होते. 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'तली चित्रं काढणारे तेच हे कार्टर! १८७३ मध्ये ते नॉर्वेला गेले. त्याच वर्षी तिथे हॅन्सनना या रोगाचे जंतू दिसले होते. जंतू सापडला, पण औषध नव्हतं. डॅप्सोन आलं ते १९४० च्या दशकात. पुढे जंतू त्यालाही दाद देईनात, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधं एकत्र द्यायला सांगितलं. डिसेंबर २००५ मध्ये देशातलं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. रोग संपला मात्र नाही.

आजची कारणं बहुधा वेगळी. वयात येणाऱ्या पुष्कळ मुलांना ही गाठ येते आणि वर्ष-दोन वर्षांत जिरते. ती टाळता येत नाही, टाळायची गरजही नाही. आईबापांनी चिडवणाऱ्यांना गप्प केलं तरी पुरे. दारूने लिव्हर गेलं, ब्लडप्रेशरसाठी स्पायरोनोलॅक्टोन सुरू असलं, जिममधल्या कुणी स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली, तरी हेच होतं. यातली पहिली आणि शेवटची गोष्ट आपल्या हातातली. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलावी. एकाच बाजूला टणक गाठ असेल किंवा बोंडातून रक्त आलं तर थांबू नये. स्तनाचा कर्करोग क्वचित पुरुषांनाही होतो.

आणि तो जुना रोग? अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावं. सहा किंवा बारा महिने गोळ्या, २८ दिवसांचं एक पाकीट, फुकट. एकदा आक्रसलेली वृषणं त्या गोळ्यांनी परत येत नाहीत, म्हणून चट्टा दिसला की त्याच आठवड्यात जायचं.