चेहरा : शब्द, छाया आणि माप (जालना परिसराच्या संदर्भात पारपत्र-छायाचित्राचा विचार)

जालना जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत ‘पासपोर्ट’ हा शब्द ज्या संदर्भात सर्वाधिक कानी पडतो, तो संदर्भ परदेशगमनाचा नव्हे. शाळेतील प्रवेश, शिधापत्रिका, पीककर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र यांपैकी कोणताही अर्ज घ्यावा, त्यात ‘पासपोर्ट आकाराचे दोन फोटो’ मागितलेले असतात. ज्याने जिल्ह्याची सीमा क्वचितच ओलांडली आहे अशा शेतकऱ्याच्या कपाटातही ‘चार पासपोर्ट’ शिल्लक असतात आणि त्याच्या बोलण्यात या शब्दाचा अर्थ एवढाच की, खांद्यापासून वरचा लहान आकाराचा फोटो. एका दस्तऐवजाचे नाव त्या दस्तऐवजावर डकवावयाच्या चित्राला आणि त्या चित्राच्या मापाला मिळावे, हे अर्थान्तराचे चांगले उदाहरण होय. ‘पारपत्र’ हा शासकीय प्रतिशब्द मात्र अशा कोणत्याही स्थित्यंतरातून गेलेला नाही. ‘पारपत्र आकाराचे छायाचित्र’ असे लिहिले जाते, बोलले जात नाही.

या अर्थान्तरात एक फसवणूकही दडलेली आहे. नावावरून असे वाटते की, पासपोर्टचा फोटो म्हणजे एक ठरीव वस्तू असावी. वस्तुतः तसे नाही. युरोपातील शेंगेन देशांच्या व्हिसासाठी ३५ मिलिमीटर रुंद व ४५ मिलिमीटर उंच चित्र लागते. अमेरिकेच्या व्हिसासाठी दोन इंच लांब व दोन इंच रुंद असा चौरस लागतो आणि त्यात हनुवटीपासून माथ्यापर्यंतचे अंतर १ ते १⅜ इंच यांच्या दरम्यान असावे लागते. स्टुडिओतून ‘पासपोर्ट’ म्हणून मिळालेले पाकीट घेऊन मनुष्य व्हिसाच्या कचेरीत जातो आणि परत येतो, त्याचे कारण पुष्कळदा त्या शब्दावर त्याने ठेवलेला विश्वास हेच असते.

परंतु मापाचा प्रश्न हा या विषयाचा शेवटचा टप्पा झाला. मनुष्य कागदावर कसा आणावा, हा प्रश्न राज्यसंस्थेपुढे छायाचित्राच्या कितीतरी आधीपासून होता, आणि त्याचे पहिले उत्तर चित्रात नव्हते, शब्दांत होते. अकबराने १५७३-७४च्या सुमारास घोड्यांना डाग देण्याची पद्धत पुन्हा सुरू केली, तेव्हा तिच्या जोडीला स्वारांच्या वर्णनाची नोंदही आली. या नोंदीस ‘चेहरा’ असे म्हणत. तीत स्वाराचे नाव, बापाचे नाव, जमात, मूळ गाव आणि मग अंगाचा वर्ण, कपाळ, भुवया, डोळे, नाक, दाढी, तीळ वा व्रण यांची नोंद होई. हेतू साधा होता : हजेरीच्या दिवशी भाडोत्री माणूस उभा करून पगार उचलता येऊ नये. या व्यवस्थेची माहिती ‘आईन-ए-अकबरी’त देणारा अबुल फझल दख्खनच्या मोहिमेत असताना काही काळ जालन्यास मुक्कामी होता, हा योगायोग या परिसराच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे.

फारसीत ‘चेहरा’ म्हणजे मुख. मोगली दप्तरात ‘चेहरा’ म्हणजे मुखाचे लेखी वर्णन. मराठीने पहिला अर्थ घेतला आणि दुसरा सोडला, असे वरवर पाहता दिसते. तथापि ‘चेहरेपट्टी’ हा समास त्याविरुद्ध साक्ष देतो. ‘पट्टी’ हे उत्तरपद मराठीत घरपट्टी, पाणीपट्टी, वसुलीची पट्टी अशा नोंदीच्या व आकारणीच्या शब्दांत येते. चेहरेपट्टी म्हणजे आज आपण नाकडोळ्यांची ठेवण समजतो. पण कलमवार मोजदाद केल्याची छटा त्या शब्दातून अद्याप गेलेली नाही. ‘त्याची चेहरेपट्टी बापासारखी आहे’ असे म्हणताना बोलणारा नकळत एकेक अवयव ताडून पाहत असतो. ‘हुलिया’ हा अरबी मुळाचा शब्दही वर्णनाच्याच कुळातला. हिंदीच्या संपर्काने तो मराठीत आता फरारी माणसापुरता उरला आहे.

शब्दांनी ओळख पटविण्याची ही रीत युरोपातही होती आणि ती मोडली एका हेराने. कार्ल हान्स लोडी हा जर्मन नौदलाचा अधिकारी १९१४ साली चार्ल्स इंग्लिस या अमेरिकन गृहस्थाच्या पासपोर्टावर ब्रिटनमध्ये वावरत होता. त्या पासपोर्टावर छायाचित्र नव्हते. असते तर ही तोतयेगिरी इतकी सोपी झाली नसती. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. अमेरिकेने त्याच वर्षाच्या अखेरीस आणि ब्रिटनने १९१५ साली पासपोर्टावर छायाचित्र आवश्यक केले. मात्र शब्द लगेच हटले नाहीत. १९१५च्या ब्रिटिश पासपोर्टात छायाचित्राबरोबरच कपाळ, डोळे, नाक, तोंड, हनुवटी, वर्ण यांसाठी रकाने होते. अकबरी ‘चेहऱ्या’ची आठवण व्हावी इतके हे साम्य आहे.

हिंदुस्थानातून समुद्रमार्गे बाहेर जाण्यास पासपोर्टाची सक्ती १९१७च्या भारत-संरक्षण (पासपोर्ट) नियमांनी आली. १९२०च्या कायद्याने देशात येण्यासाठीही तो आवश्यक ठरविण्यात आला. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. संस्थानी रहिवासी कायद्याच्या दृष्टीने ब्रिटिश प्रजाजन नव्हते, तर ‘ब्रिटिश-संरक्षित व्यक्ती’ होते. त्यामुळे जालन्याच्या एखाद्या व्यापाऱ्याने पासपोर्ट काढला, तर त्याचा चेहरा तोच राहून दर्जा मात्र मुंबईच्या व्यापाऱ्याहून वेगळा नोंदला जाई.

वर्णनाच्या रकान्यांची येथे झालेली दशा भाषेच्या अभ्यासकाला विशेष उद्बोधक वाटेल. डोळ्यांचा रंग, केसांचा रंग हे भेद ज्या समाजात माणसे खरोखर वेगळी करतात, त्या समाजात हे रकाने तयार झाले. मराठवाड्यात दोन्ही रकान्यांत एकच उत्तर भरावयाचे : काळा. आणि जेथे मराठी भाषा बारकाईने भेद करते (गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा), तेथे इंग्रजी रकान्याला शब्दच नव्हता. तो शेवटी येथेच घडवावा लागला. ‘व्हीटिश’ हे हिंदी इंग्रजीचे विशेषण म्हणजे ‘गव्हाळ’चे इंग्रजी रूप होय. गव्हाच्या रंगाने मनुष्य ओळखावा, ही कल्पना ज्या मातीतून आली, तिच्या खुणा पोलिसांच्या हरवल्या-सापडल्याच्या जाहिरातींत आजही दिसतात. भारतीय पारपत्राच्या अर्जात ‘ठळक ओळखखूण’ विचारणारा रकाना अजून आहे. तीळ किंवा व्रण लिहून अर्जदार तो भरतो.

आता छायाचित्राकडे वळावयाचे. हैदराबाद संस्थानात ही कला लवकर प्रतिष्ठित झाली ती लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) यांच्यामुळे. सहाव्या निजामाने त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. ‘मुसव्विर’ म्हणजे चित्रकार. यंत्राने प्रतिमा घेणाऱ्यास दरबाराने जुन्याच कुळात बसविले. मराठीनेही तेच केले आहे. आपण फोटो ‘घेत’ नाही, ‘काढतो’, जसे चित्र काढतो. या क्रियापदात एक अपेक्षा गृहीत आहे : काढणारा माणूस चांगला काढील. स्टुडिओचा सारा धंदा या अपेक्षेवर उभा होता. काचेच्या वा फिल्मच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या व देवीचे वण पुसट करणे हे कसबी छायाचित्रकाराचे नित्याचे काम होते आणि गिऱ्हाईक त्याबद्दल पैसे मोजी. पारपत्राच्या चित्राला नेमके हेच वर्ज्य आहे. त्याला व्रण हवा असतो.

याहून खोल विरोध वेशाचा आहे. डोके उघडे असावे, हा पासपोर्टाच्या छायाचित्राचा सर्वसाधारण नियम. धर्माचरणासाठी डोके झाकण्यास मुभा आहे, पण हनुवटीपासून कपाळापर्यंतचा भाग आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा दिसल्या पाहिजेत. फेटा किंवा टोपी ही मराठी शेतकऱ्याची धर्माज्ञा नव्हे. ती त्याची रीत होती. जुन्या पिढीत चारचौघांत ‘उघडबोडके’ जाणे अप्रशस्त मानले जाई. ‘बोडका’ या शब्दाभोवती सुतकाची आणि, स्त्रीलिंगी रूपात, केशवपनाची किती अमंगल वलये आहेत, हे मराठी वाचकास सांगावयास नको. म्हणजे सरकारी नियम ज्याला निव्वळ मुख म्हणतो, तेच या समाजाच्या दृष्टीने अपुरे, किंबहुना अशुभ रूप होते. डोईवरचा पदर मागे सारून कॅमेऱ्यासमोर बसलेल्या वृद्ध स्त्रियांच्या मुद्रेवर जो अवघडलेपणा दिसतो, त्याचे श्रेय केवळ दिव्यांच्या झगमगाटाला देता येणार नाही. कुंकवाला नियमाची हरकत नाही, एवढाच दिलासा.

पडदानशीन स्त्रियांच्या बाबतीत तर राज्यसंस्थेलाच दोन पावले मागे जावे लागले. दीनदयाळांनी १८९२ साली हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी ‘झनाना’ स्टुडिओ काढला होता आणि त्याची व्यवस्था श्रीमती केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे होती. तेथे चित्र काढणारी स्त्री, पाहणारी माणसे घरची. म्हणून ते चित्र पडद्याआड राहू शके. पासपोर्टाचे चित्र मात्र परक्या पुरुष अधिकाऱ्याने पाहण्यासाठीच काढावयाचे. ब्रिटिश अमदानीत अशा स्त्रियांना छायाचित्राची सूट मिळे आणि चित्राच्या चौकटीत त्या पडदानशीन असल्याचा शेरा लिहिला जाई. त्या रिकाम्या चौकटीत शब्द पुन्हा एकवार मुखाच्या जागी बसला. परंतु ‘चेहरा’ निदान वर्णन करी. हा शेरा एक प्रकार सांगून थांबे. अशा पासपोर्टावर कोणतीही स्त्री जाऊ शकली असती. लोडीच्या प्रकरणानंतर जी फट बुजविण्यासाठी एवढा खटाटोप झाला, ती येथे जाणूनबुजून उघडी ठेविली गेली, आणि ते योग्यच होते. अन्यथा त्या स्त्रियांचा प्रवासच बंद झाला असता.

जालन्याच्या दृष्टीने हा प्रश्न मुख्यतः हजयात्रेशी निगडित होता. यात्रेकरूंना साधा परवाना देण्याची पद्धत १८८०च्या दशकात सुरू झाली आणि भारतीय यात्रेकरूंसाठी स्वतंत्र यात्रापत्र देण्याची रीत विसाव्या शतकाअखेरही चालू होती. १९४८च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झाले; १५ ऑक्टोबर १९५२ पासून भारत व पाकिस्तान यांच्यामधील प्रवासास पासपोर्ट लागू लागला आणि ज्यांची कुटुंबे दुभंगली होती त्यांना नातलगांच्या भेटीसाठी फोटो काढणे भाग पडले. पुढे २००९ पासून सौदी अरेबियाने हजसाठी आंतरराष्ट्रीय पासपोर्ट आवश्यक केला. अंबड, भोकरदन, परतूर अशा तालुक्यांतील वयोवृद्ध यात्रेकरूंच्या वाट्याला नियमाबरहुकूम छायाचित्राचा प्रसंग यामुळे प्रथमच आला. एरवी परदेशाचा विचारही ज्यांनी केला नसता, ती माणसे यात्रेच्या पुण्यासाठी कॅमेऱ्यासमोर बसली.

मधल्या काळात कायदा पालटला होता. सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात एप्रिल १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवासाचा हक्क घटनेच्या एकविसाव्या कलमात अंतर्भूत असल्याचे ठरविले आणि त्याच वर्षी पासपोर्ट कायदा संमत झाला. पासपोर्ट नाकारावयाचा तर कारण लेखी नोंदविले पाहिजे, असे त्या कायद्याचे पाचवे कलम सांगते. तथापि छायाचित्र ‘बसत नाही’ म्हणून खिडकीवरून परत केलेला अर्ज हा नकार ठरत नाही. तो दाखलच झालेला नसतो. हक्काची भाषा जेथे पोहोचत नाही, अशी ही अरुंद जागा आहे, आणि ग्रामीण अर्जदाराचा वेळ व गाडीभाडे प्रायः तेथेच खर्ची पडते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस चित्र पाहणारा बदलला. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने यंत्राने वाचता येणाऱ्या पासपोर्टाचे मानक १९८० साली प्रसिद्ध केले. २००३ साली तिने मुख हीच प्रमुख जैविक ओळख म्हणून निवडली. हस्तलिखित पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ नंतर प्रवासास अग्राह्य झाले. आजचे नियम या नव्या वाचकासाठी आहेत. चेहरा निर्विकार, तोंड मिटलेले, डोळे उघडे व सरळ समोर. पार्श्वभूमी पांढरी, तीवर सावली नको. अमेरिकेने १ नोव्हेंबर २०१६ पासून चष्माही वर्ज्य केला. परदेशस्थ भारतीय वकिलातींनी सप्टेंबर २०२५ पासून लागू केलेल्या नियमांनुसार चित्राचा ८० ते ८५ टक्के भाग चेहऱ्याने व्यापलेला असावा लागतो. हसू नये, या नियमाचा गांभीर्याशी संबंध नाही. हसताना गाल व डोळ्यांच्या कडा सरकतात आणि यंत्राने घ्यावयाची अंतरे बदलतात.

पांढऱ्या पार्श्वभूमीचा नियमही वाटतो तितका निरुपद्रवी नाही. कॅमेरा आपोआप उजेड ठरवितो, तेव्हा पांढऱ्या पडद्यामुळे त्याला दृश्य फार उजळ भासते आणि उन्हात रापलेला चेहरा अधिकच काळवंडून येतो. अनुभवी छायाचित्रकार माणसाला पडद्यापासून चार-पाच फूट पुढे बसवितो, दोन्ही बाजूंनी सारखा मऊ प्रकाश देतो आणि उजेड पडद्यावर न मोजता गालावर मोजतो. संगणकावर नंतर चेहरा ‘उजळून’ देणे सोपे असते, गिऱ्हाइकाला ते आवडतेही. परंतु तो पेन्सिलीच्या जुन्या कसबाचाच नवा अवतार होय आणि नियमाला तितकाच अमान्य. यंत्रही निःपक्षपाती नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या परीक्षणात अनेक प्रणाली आशियाई व आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत दोन भिन्न माणसांना एक समजण्याची चूक गौरवर्णीयांपेक्षा दहा ते शंभर पट अधिक करीत असल्याचे आढळले. ‘काळा’ हे एकच उत्तर घेणाऱ्या जुन्या रकान्यांची येथे आठवण होते.

भारतात पासपोर्ट सेवा केंद्रात अर्जदाराचे छायाचित्र आता तेथेच घेतले जाते. स्टुडिओकडे राहिली ती व्हिसाची चित्रे आणि चार वर्षांखालील मुले, त्यांचा ४.५ × ३.५ सेंटिमीटरचा, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो पालकांना न्यावा लागतो. हे काम सर्वांत अवघड. मूल पांढऱ्या चादरीवर उताणे निजवून वरून फोटो काढतात, किंवा आई स्वतः पांढरी चादर पांघरून त्याला मांडीवर धरते आणि तिचा हात चौकटीत येऊ नये म्हणून मानेमागे दडविते. आईचे मूल म्हणूनच ज्याला सारे गाव ओळखते, त्याला पासपोर्टात आईवाचून एकटे दिसावे लागते. त्या पासपोर्टाची मुदत साधारणपणे पाच वर्षांची असते. सहा महिन्यांच्या बाळाचा फोटो पाहून चार वर्षांचे मूल कोणत्याही अधिकाऱ्याला ओळखता यावयाचे नाही. तो पान उलटून आईबापांची नावे वाचतो.