रमाबाई नगर, सकाळी साडेसात

त्याच्या कितीतरी आधी : चांदमारीचं मैदान

आमच्या शेजारी अकोल्यात एक निवृत्त हवालदार राहतात. नोकरीची शेवटची वर्षं त्यांनी नव्या भरतीच्या पोरांना कवायत आणि बंदूक शिकवण्यात घालवली, म्हणून सगळा मोहल्ला त्यांना उस्ताद म्हणतो. बंदूक कशी धरायची असं विचारलं की ते बोलत नाहीत, हात दाखवतात. चार बोटं मुठीत, आणि पहिलं बोट चापाच्या बाहेर, कडीला लागून ताठ. गोळी झाडायची ठरेपर्यंत ते बोट आत जात नाही. हे एवढं एक हाडात मुरावं म्हणून पोरांना रिकामी रायफल घेऊन आठवडेच्या आठवडे उभं करावं लागतं, असं ते सांगतात.

दुसरी गोष्ट पुंगळीची. चांदमारीवर काडतुसं मोजून मिळतात आणि रिकाम्या पुंगळ्या मोजून परत करायच्या असतात. एकदा एक पुंगळी कमी भरली, तर आख्खी तुकडी अंधार पडेपर्यंत तरोट्यात वाकून शोधत होती. सापडली तेव्हाच पोरं जेवायला गेली.

आणि तिसरी गोष्ट जमावाची. अकोल्याचं पोलीस प्रशिक्षण विद्यालय असो की अमरावतीत वडाळीला असलेला राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ९, दंगल काबूची कवायत सगळीकडे एकाच क्रमाने चालते. उस्ताद करंगळीपासून मोजतात. आधी भोंग्यावरून इशारा : हा जमाव बेकायदा आहे, पांगा. मग अश्रुधूर. मग लाठी. मग गोळीचा इशारा, तोही शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा. आणि अंगठा सगळ्यात शेवटी : गोळी. तीही कोण झाडणार त्याचं नाव घेऊन, किती राऊंड ते सांगून, कमरेखाली. जमाव वळला की थांबायचं आणि पडलेल्याला उचलायचं.

मुंबईच्या घाटकोपरमधल्या रमाबाई आंबेडकर नगरात घडलेलं मी या पाच बोटांवरच मोजून पाहिलं.

शुक्रवार, ११ जुलै १९९७. पहाट

पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून ही वस्ती. दर्शनी भागात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. लोक उठून बाहेर येतात तर पुतळ्याच्या गळ्यात चपलांचा हार. ज्या वस्तीला बाबासाहेबांच्या पत्नीचं, रमाईचं नाव आहे, तिथल्या माणसाला त्या क्षणी काय झालं असेल हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आमच्याकडे गावोगावी निळ्या कोटातला तो पुतळा आहे, आणि त्याच्या पायाशी दर १४ एप्रिलला आयाबाया लेकरांना डोकं टेकवायला नेतात.

गोळीबाराला तास-दीड तास बाकी

लोक आधी पोलिसांकडेच गेले. ही गोष्ट वाचताना घाईत मागे पडते, म्हणून मी तिथे थांबतो. जवळच पंतनगर ठाण्याची बीट चौकी होती. तिथून त्यांना ठाण्याकडे जायला सांगितलं गेलं. ज्याच्या दारात घडलं तो चौकीत उभा आहे आणि त्याला पुढच्या दाराकडे बोट दाखवलं जातं. एखादा अंमलदार त्या लोकांबरोबर चालत पुतळ्यापर्यंत गेला असता, हार उतरवला असता, तिथेच पंचनामा सुरू केला असता, तर पुढची सकाळ तशीच उजाडली असती का? शपथेवर कुणी सांगू शकणार नाही. पण करंगळीच्याही आधीचं एक काम असतं, माणसाचं ऐकून घेण्याचं, आणि ते त्या चौकीत झालं नाही.

सकाळी सात

गर्दी वाढते आणि पुतळ्यासमोर महामार्ग अडवला जातो. रास्ता रोको. कापसाच्या भावासाठी आम्ही वऱ्हाडात कितीदा महामार्गावर बसलो आहोत, त्यामुळे हे दृश्य अनोळखी नाही. संतापलेली माणसं, अडकलेल्या गाड्या, घोषणा. रस्ता अडवणं हा गुन्हा आहे, त्याच्यासाठी कायद्यात कलमं आहेत, पण त्यातल्या एकाचीही शिक्षा मरण नाही.

साडेसातच्या सुमारास

राज्य राखीव पोलीस दलाची एक तुकडी गाडीतून येते. तुकडीचा प्रमुख फौजदार मनोहर कदम.

फौजदाराच्या खांद्यावर दोन तारे असतात. तेव्हा लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ सांगत होतं की बेकायदा जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा ठाण्याचा प्रभारी अधिकारी देऊ शकतो, आणि प्रभारी नसेल तर फौजदाराच्या दर्जापासून वरचा कुणीही. म्हणजे दोन ताऱ्यांपाशी ही सत्ता सुरू होते. आजच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही, कलम १४८ मध्ये, ती तिथेच आहे. एवढ्या कनिष्ठ दर्जाच्या माणसाच्या हाती एवढी मोठी गोष्ट देणारा कायदा त्याच्या शिक्षणावर सगळी भिस्त ठेवून असतो. त्याच्या डोक्यात पाच बोटं पक्की बसली आहेत, हे गृहीत धरूनच तो कायदा लिहिला आहे.

पुढची काही मिनिटं

गाडी थांबल्यावर थोड्याच मिनिटांत गोळीबार सुरू झाला. खऱ्या गोळ्या. भोंग्यावरचा इशारा नाही, अश्रुधूर नाही, लाठी नाही.

दहा-पंधरा मिनिटं तो चालला. हे दोन आकडे नुसते डोळ्यांखालून जाऊ देऊ नका. पोलिसांना पिढ्यान्‌पिढ्या ज्या .३०३ रायफलीवर शिकवलं गेलं, तिची गोळी एका सेकंदात सातशे मीटरहून जास्त जाते. ती युद्धासाठी घडवलेली बंदूक आहे, गल्लीसाठी नाही. घाबरलेल्या माणसाचं बोट एकदा चुकून आत जातं, एक गोळी सुटते, त्याला चूक म्हणता येईल. उस्तादही म्हणतात, "होते बाप्पा, नव्या पोराकडून होते." पण दहा मिनिटं म्हणजे बोट आत गेलं, बाहेर आलं, काडतूस बदललं, पुन्हा नेम धरला, पुन्हा आत गेलं. त्यातल्या प्रत्येक वेळी थांबता येत होतं. थांबा म्हणायचा हक्क आणि ते म्हणायची जबाबदारी दोन्ही एका माणसाकडे होती.

रास्ता रोको चालला होता तो पुतळ्यासमोर, महामार्गावर. गोळ्या झाडल्या गेल्या त्या वस्तीच्या तोंडाशी. त्यामुळे मेलेल्यांत असेही होते ज्यांचा रस्ता अडवण्याशी काहीच संबंध नव्हता. सकाळची वेळ होती. कुणी आवाज ऐकून बाहेर आलं होतं, कुणी गल्लीत उभं होतं. दहा माणसं गेली. त्यात एक बाई होती आणि मिसरूड न फुटलेली पोरंही होती. दिवसभरात २६ जण जखमी झाले. घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात एकामागून एक माणसं पोचू लागली, तेव्हा शहराच्या बाकीच्या भागात लोक कामाला निघाले होते.

साडेअकरा

चिडलेल्या लोकांनी एक लक्झरी बस पेटवली.

दुपारी दोनच्या सुमारास

पोलीस पुन्हा आले. आता लाठीमार झाला आणि अश्रुधुराची नळकांडी फुटली.

चार दिवसांनी, १५ जुलै

मुलुंडच्या झोपडीत लोकशाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. रमाबाई नगरात जाऊन ते सगळं पाहून आले होते. मेलेल्यांच्या आकड्यात त्यांचं नाव धरलं जात नाही. मी धरतो. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट याच मरणापासून सुरू झाला आणि पुरा व्हायला त्याला २०११ साल उजाडलं.

एक वर्षानंतर

गोळीबाराचं समर्थन लगेच पुढे आलं होतं : महामार्गावर गॅसचे टँकर अडकले होते, जमाव ते पेटवणार होता, स्फोट झाला असता तर शेकडो गेले असते. ऐकायला पटण्याजोगं कारण. सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार आयोगाने ते तपासलं आणि मानलं नाही. १९९८ च्या अहवालात आयोगाने हा गोळीबार असमर्थनीय आणि अनावश्यक ठरवला आणि कदम यांना जबाबदार धरलं. अहवाल मात्र निकाल नसतो. चौकशी आयोग कुणाला तुरुंगात धाडू शकत नाही. तो फक्त सांगतो, आणि मग सरकारला ऐकावंसं वाटलं तर खटला उभा राहतो.

७ मे २००९

बारा वर्षं गेली. गोळीबाराच्या दिवशी जन्मलेलं पोर एव्हाना सहावीत असेल. शिवडीच्या जलदगती न्यायालयाने मनोहर कदम यांना दोषी ठरवून जन्मठेप दिली. 'जलदगती' हा शब्द मला इथे लिहवत नाही, पण न्यायालयाचं नावच तसं आहे.

गुन्हा कोणता, ते नीट पाहिलं पाहिजे, कारण सगळं तिथेच आहे. हलगर्जीने मृत्यू घडवण्याला जुन्या दंड विधानात ३०४-अ हे कलम होतं, जास्तीत जास्त दोन वर्षांचं. नव्या न्याय संहितेत ते कलम १०६ झालं आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. ट्रक अंगावर घालणाऱ्या ड्रायव्हरला लागतं ते हे कलम. शिवडीच्या न्यायालयाने ते लावलं नाही. त्याने सदोष मनुष्यवध मानला. जन्मठेप कलम ३०४ च्या पहिल्याच भागात बसते, आणि तो भाग हेतूचा आहे. म्हणजे झालं ते हातून निसटलेलं नव्हतं, असं न्यायालयाने म्हटलं. "पोलिसांकडून चूक झाली" असं गुळगुळीत वाक्य आपण बातमीत वाचतो, त्याला या निकालात जागा नाही.

पण ज्यांच्या बोटांनी गोळ्या सुटल्या ते शिपाई? आरोपी एकटे कदमच होते. १८६० च्या दंड विधानात कलम ७६ खाली एक उदाहरण होतं : वरिष्ठाच्या हुकमावरून, कायद्याच्या आज्ञेला धरून, जमावावर गोळी झाडणाऱ्या शिपायाचा गुन्हा होत नाही. उदाहरणातला 'कायद्याच्या आज्ञेला धरून' हा तुकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. वरिष्ठाचा हुकूम एवढंच पुरत नाही, तो हुकूम कायद्यातला असायला हवा. मग हुकूम कायद्याबाहेरचा आहे हे विशीतल्या शिपायाने ओळखायचं कसं? ओळखता येतं. करंगळी मोजली गेली नाही हे त्याला दिसत असतं. कवायतीत शिकवलेला क्रम साहेबाने सोडला तर काय करायचं, हे कवायतीतच शिकवलं गेलं पाहिजे, आणि आज हुकूम ऐकण्याच्या तासांपुढे या शिक्षणाला काही वजन उरत नाही.

निकालानंतर थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन कदम यांना जामीन दिला.

११ एप्रिल २०२१, अमेरिका

मिनेसोटा राज्यात ब्रुकलिन सेंटर या गावी किम पॉटर ही २६ वर्षं नोकरी झालेली पोलीस अधिकारी एका तरुणाला पकडताना 'टेझर, टेझर' असं ओरडली आणि तिने विजेच्या झटक्याच्या यंत्राऐवजी पिस्तूल चालवलं. डॉन्टे राइट हा वीस वर्षांचा मुलगा मेला. त्या दिवशी ती एका नव्या अधिकाऱ्याला शिकवत होती. ही खरोखरची चूक होती, एका गोळीची, एका क्षणाची, आणि तरीही त्याच वर्षी २३ डिसेंबरला ज्यूरीने तिला दोषी ठरवलं. शिक्षा झाली दोन वर्षांची. ती पुरेशी होती का, यावर तिथे अजून वाद घातला जातो. मला भिडतं ते दुसरंच : निकालाला साडेआठ महिने लागले.

आणि आमच्या दारात

सप्टेंबर २००६ मध्ये भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडलं, एका दलित कुटुंबाचं हत्याकांड. नोव्हेंबरात त्याच्या निषेधाची लाट अमरावतीला पोचली आणि पोलिसांच्या गोळीने तिथे एक तरुण गेला. तोपर्यंत गुंडेवार अहवालाला आठ वर्षं झाली होती आणि कदम यांच्या खटल्याचा निकाल लागायचा होता. पुढे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या चकमकींवरच्या खटल्यात नियम घालून दिले : पोलिसांच्या गोळीने माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा, तपास स्वतंत्र यंत्रणेकडून करायचा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी लावायची, पोलिसांनी आपली शस्त्रं न्यायवैद्यक तपासणीसाठी जमा करायची. नियम चांगले आहेत. पण ते सुरू होतात माणूस पडल्यावर, आणि रमाबाई नगरातली ती तास-दीड तासाची वेळ त्याच्या आधीची आहे.

हे सगळं मी उस्तादांना त्यांच्या ओसरीवर वेळेच्या क्रमाने वाचून दाखवलं. ते मधे काही बोलले नाहीत. दुपारी दोनशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांब बेटा. अश्रुधूर दोन वाजता?"

"हो काका."

"अन् गोळी?"

"साडेसातला."

ते करंगळी धरून बसले होते. अंगठ्याकडे पाहिलं, पुन्हा करंगळीकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून दिला.